तवंगाखालचा विस्तव

चहा हा सरळमार्गी प्राणी आहे. काचेच्या ग्लासात आला की आधी वाफ दाखवतो, मग बोटांना चटका देतो, आणि ओठांशी पोचला की शेवटचं बजावतो. एवढं होऊनही कुणी तोंड पोळून घेतलं तर चहाने तरी काय करावं? कोल्हापुरात खरा दगा देतो तो पांढरा रस्सा.

वाटीत गपगार बसलेला असतो. वाफेचा मागमूस नाही. नारळाच्या दुधाचा सात्त्विक रंग, वर तुपाचा पातळ तवंग, कडेला एखादी लवंग तरंगतेय. पंगत बसायला उशीर झालाय, तेव्हा एव्हाना निवला असेल, असं म्हणून आपण वाटी तोंडाला लावतो आणि पुढचा बराच वेळ यजमानांच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत राहतो. काकींना ते पसंतीचं लक्षण वाटतं. "आवडला न्हवं? थांबा, आणखी आणतो की," म्हणत त्या थेट चुलीवरचा घेऊन येतात.

सगळी करणी त्या तवंगाची. उघड्या भांड्यातलं गरम पाणी निवतं ते मुख्यतः वाफ होऊन. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती जाताना ५४० कॅलरींच्या आसपास उष्णता घेऊन जाते (आहारतज्ज्ञांच्या कॅलरी नव्हेत, शाळेच्या पुस्तकातल्या). वर तुपाचं झाकण बसलं की वाफ कोंडली आणि उष्णता घरातच राहिली. दुधावरची साय हेच करते. अपवाद गंगावेशीतल्या दुधाचा. तिथं म्हैस समोर उभी असते, धार काढून ग्लास हातात येतो, आणि दूध म्हशीच्या अंगाइतकंच, म्हणजे अडतीस अंशांच्या आसपास गरम असतं. पिणाऱ्याच्या जिभेचा विचार करून वाढणारी गावात ती एकटीच.

तांबड्या रश्शाचं दुखणं दुहेरी. जिभेतल्या मज्जातंतूंवर एक संवेदक असतो, तो त्रेचाळीस अंशांच्या पुढे गेलं की 'भाजलं' म्हणून ओरडतो. गंमत अशी की मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तोच ओरडतो. हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं, अर्धं. त्यात भर म्हणजे मिरची लागली की त्याची सहनशक्ती आणखी खाली येते, आणि एरवी नुसतं कोमट वाटलं असतं तेही चटका देतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते भाजल्याने की तिखटाने, हे आतल्या तंतूंनाच कळत नाही, तर पंगतीला काय कळणार? इथं 'तिखट लागलं' म्हणणं म्हणजे पत गेली. म्हणून पाहुणा म्हणतो, "जरा पोळलं." त्यावर शेजारचा मामा म्हणतो, "मग फुकून प्या की पाव्हणं, कोण मागं लागलंय?"

खरं तर निसर्गाने आम्हाला सवलत दिलेली आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर, त्यामुळे इथं पाणी शंभराला नाही, अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. ते दोन अंश आम्ही मिरचीने भरून काढतो.

लग्नाच्या हॉलवरचं मंचाव सूप वेगळ्याच जातीचं. कॉर्नफ्लॉवर घालून ते इतकं घट्ट केलेलं असतं की भांड्यात हलतच नाही. पातळ पेयात वरचं खाली, खालचं वर होत राहतं आणि सगळं मिळून निवतं. इथं वरचा थर कोमट लागतो, चमचा आत गेला की तळचा निखारा भेटतो. शिवाय टाळूला चिकटतो. चहा निदान जिभेवरून पुढे तरी जातो.

या सगळ्यावर आमच्या वाडवडिलांनी काढलेला उपाय म्हणजे बशी. चहा पसरला, हवा लागली, दोन फुरक्यांत पिण्याजोगा झाला. फुरका मारताना चहासोबत हवाही आत ओढली जाते, तेव्हा तो आवाज काही उगाच नसतो. पण आता बशीची लाज वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेला बहुधा घातक असल्याचं २०१६ सालीच सांगितलं, हे मी मामाला ऐकवलं. "निवलेला च्या प्यायचा तर पाणीच पितो की," म्हणून त्याने ग्लास एका दमात रिकामा केला. त्याच्या घशाला आतून पत्रा मारलेला असावा.

परवा ताराबाई पार्कातल्या एका नव्या कॅफेत बसलो होतो. कॉफी आली ती जाड कागदी पेल्यात, वर प्लॅस्टिकचं टोपण, टोपणाला बारीक भोक. म्हणजे हाताला चटका नाही, डोळ्यांना वाफ नाही, नाकाला अंदाज नाही, आणि नेम थेट जिभेच्या शेंड्यावर. मी पोराला हाक मारून बशी मागितली. तो आत गेला, कुणाशी तरी बोलला, आणि बऱ्याच वेळाने एक चौकोनी, काठ नसलेली काळी पाटी घेऊन आला.

"सर, यावर केक देतो आम्ही. चालेल?"

"दे," म्हटलं, "आणि केक पण आण. गार आहे न्हवं?"

"नाही सर, गरम करूनच देतो. आत पातळ चॉकलेट असतं."