कुलपाचा इतिहास कच्चा

सोसायटीत राहायचं असेल तर आपण पोटासाठी काय करतो ते कुणाला सांगू नये. डॉक्टरला लोक जिन्यात गाठून गुडघे दाखवतात, सीएच्या गळ्यात सोसायटीचे हिशेब पडतात. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. डाय, पंच, जिग, फिक्श्चर असलं काम. इंदिरानगरातल्या आमच्या चार मजली इमारतीनं त्याचा अर्थ असा लावला की बिजागरी करकरली, पाण्याची मोटर हवा धरू लागली, की ह्यांना हाक मारायची. "तुमचं मेकॅनिकल ना?" असं कुणी लाडानं विचारलं की ओळखावं, आता हातात पाना येणार.

गच्चीचं कुलूप माझ्याकडे आलं ते असंच.

त्याआधी गच्चीला साधं कुलूप होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली सेक्रेटरींकडे. गच्ची मात्र सगळ्यांना हवी. संक्रांतीला पोरांना पतंगासाठी, उन्हाळ्यात बायकांना वाळवणासाठी, डिशवाल्याला छत्री हलवायला, आणि चारशे एकच्या आजोबांना पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आलाय का ते बघायला. आमच्या गच्चीवरून गोदावरी दिसत नाही. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, हे टीव्हीवर घरबसल्या कळतं. तरी आजोबा वर जायचे. मग डुप्लिकेट किल्ल्या निघाल्या. पहिली मूळ किल्लीवरून, दुसरी पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. प्रत्येक नकलेत कानस केसभर इकडेतिकडे होते आणि ती चूक पुढच्या नकलेत व्याजासकट जाते. पुढेपुढे तर अशी किल्ली निघाली की गच्चीच्या कुलपात फिरेना, मीटर रूमचं मात्र बिनतक्रार उघडायची.

शेवटी सेक्रेटरींनी ऑनलाइन मागवून नंबरचं कुलूप आणलं. बॅटरी नाही, वायर नाही, किल्लीची भानगड नाही. चकचकीत पट्टीवर दोन रांगांत दहा आकड्यांची बटणं, खाली 'सी' लिहिलेलं एक बटण आणि मूठ. "चार आकडे दाबायचे, मूठ फिरवायची. बसवायला तुम्ही आहातच," ते म्हणाले.

नंबर ठरवायला मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, 0253 ठेवा, नाशिकचा एसटीडी कोड, कोण विसरणार? मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे, चोरही नाशिकचाच असणार. चेअरमन म्हणाले 1515, एमएच-15 दोनदा. मग मला सांगावं लागलं की या कुलपात एक बटण एकदाच चालतं. आत गेलेलं बटण दुसऱ्यांदा दाबून आणखी आत जात नाही. 1515 दाबा नाहीतर नुसतं 15, त्याच्या लेखी एकच. कुणीतरी पिनकोड काढला. 422009 सगळा दाबला तरी हाती उरतात चारच, 4, 2, 0 आणि 9. अखेर देशभक्तीवर एकमत झालं: 1947. रात्री ग्रुपवर मेसेज पडला, 'गच्चीचा नंबर 1947. कृपया गुप्त ठेवावा.' त्या ग्रुपवर दूधवाला आहे, केबलवाला आहे, आणि कधीच घर सोडून पुण्याला गेलेले भाडेकरूसुद्धा आहेत. त्यातल्या एकानं अंगठा दाखवला.

दाराला लावण्याआधी मी कुलूप डायनिंग टेबलावर उघडलं. नवी वस्तू न उघडता वापरणं आमच्या धंद्यात असभ्य समजतात. मागचा पत्रा काढला तर आत प्रत्येक बटणापाशी नखाएवढी एक पट्टी, आणि तिला रेटून धरणारी एक चिमुकली स्प्रिंग. पट्ट्या दोन रंगांच्या: नंबरातल्या आकड्यांना लाल, बाकीच्यांना निळ्या. प्रत्येकीच्या कडेला एक खाच. लाल पट्टीची खाच बटण दाबलं की जागेवर येते. निळीची आधीच जागेवर असते, बटण दाबलं की जागा सोडते. मुठीमागची सरकपट्टी सगळ्या खाचा एका रेषेत असल्या तरच सरकते, आणि ती सरकली तरच मूठ लॅच ओढते. चुकून भलतं बटण दाबलं गेलं तर 'सी' दाबायचं, म्हणजे आत गेलेली सगळी बाहेर. एवढंच ते कुलूप. ज्यांनी बोलायचं त्यांनी सगळ्यांनी बोललं पाहिजे आणि ज्यांनी गप्प बसायचं त्यांतल्या एकानंही तोंड उघडता कामा नये, तर काम पुढे सरकणार. आमच्या मीटिंगा या तत्त्वावर चालल्या असत्या तर इमारतीला लिफ्ट केव्हाच लागली असती.

आता यात क्रम कुठे आहे? कुठेच नाही. 1 आधी दाबा की 9, पट्टी आत गेली की गेली. कोण आधी गेलं, कोण मागून, याची नोंद ठेवणारं चाक नाही, दात नाही, काही नाही. म्हणजे दहा आकड्यांतून चार निवडायचे एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर 210. क्रम धरला असता तर 5040 झालं असतं. 210 नंबर पाच-पाच सेकंदांनी दाबत गेलं तर अठरा मिनिटांच्या आत सगळे संपतात. मे महिन्याच्या सुट्टीतल्या पोराला तेवढा वेळ तर पंखा फिरताना बघण्यात जातो.

क्रम ओळखणारी यांत्रिक कुलुपंही असतात. पाच बटणांचा एक प्रकार आहे, त्यात दोन-तीन बटणं एकदम दाबायचीही सोय असते. त्याचे सगळे मिळून 1082 प्रकार होतात, एकही बटण न दाबण्याचा प्रकार धरून. हे मी सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "अहो, गच्ची आहे, नोट प्रेस नाही." नाशिकरोडच्या प्रेसचं नाव निघालं की नाशकात सुरक्षेवरचा वाद तिथेच संपतो.

कुलूप लागलं. थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी चारशे एकचे आजोबा आणि दोनशे दोनचे भाऊ एकदमच गच्चीच्या दाराशी आले. आजोबांनी 1974 दाबलं, त्यांच्या लग्नाचं साल. मूठ फिरली. भाऊ बघतच राहिले. ते आपले रोज 4719 दाबायचे, कारण त्यांच्या जुन्या स्कूटरचा तो नंबर होता आणि पहिल्या दिवसापासून त्यांना तोच आठवत होता. "आजोबा, तुम्हाला वेगळा नंबर दिलाय?" तेवढ्यात तीनशे एकच्या काकू आल्या. त्यांना आकडे विचारले तर सांगता येईनात, बोटांनी जायचा रस्ता तेवढा त्यांना पाठ. तो 9147 निघाला. दिवेलागणीपर्यंत इमारतभर झालं की सेक्रेटरींनी मर्जीतल्या लोकांना स्वतंत्र नंबर वाटलेत. चेअरमनना तर खात्रीच पटली की एक मास्टर नंबर आहे आणि तो मुद्दाम त्यांच्यापासून लपवलाय.

मला खाली बोलावण्यात आलं. मी लाल पट्टी सांगितली, निळी पट्टी सांगितली, हाताची बोटं मिटून उघडून दाखवली. शेवटी वैतागून म्हटलं, "त्याला 1947 काय आणि 1974 काय, सगळं सारखंच. इतिहास कच्चा आहे त्याचा!" आजोबा शाळेत इतिहास शिकवायचे. ते न बोलता वर निघून गेले. बाकीच्यांना पटल्यासारखं वाटलं, पण पांगता पांगता दोनशे दोनच्या वहिनींनी विचारलंच, "ते सगळं खरं हो, पण मूळ नंबर कोणाचा?"

मग रंगपंचमी आली. नाशिकचा रंग रंगपंचमीचाच. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, लोक त्यात धप्पा मारतात; आमच्याकडे रहाड नाही म्हणून गच्चीवर निळं पिंप भरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यातून वर पाहिलं. दहा बटणांपैकी सहा जशीच्या तशी चकचकीत आणि 1, 4, 7, 9 गुलाबी. त्यावर पोरांच्या बोटांचे ठसेसुद्धा सुबक उमटलेले. क्रम पाळणारं कुलूप असतं तर उपऱ्या माणसाला चार आकड्यांचे 24 क्रम तरी करून बघावे लागले असते. इथे पहिल्या फटक्यात दार उघडं. एरवीही हे होतंच, फक्त हळूहळू. रोज दाबलेली बटणं झिजून चमकतात आणि न दाबलेल्यांवर धूळ बसते. आमच्या पोरांनी वर्षाचं काम एका दिवसात केलं, एवढंच.

नंबर बदलायचं ठरलं आणि सेक्रेटरींनी परत 0253 बाहेर काढलं. मी त्यांना फाइनमनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबॉम्बचं काम चालू असताना हा शास्त्रज्ञ फावल्या वेळात तिथल्या तिजोऱ्यांच्या कुलपांमागे लागायचा. शंभर खुणांची तबकडी, आत तीन चकत्या, म्हणजे कागदावर दहा लाख नंबर. पण कुलपाची जुळणी इतकी सैल की नेमक्या खुणेच्या दोन घरं अलीकडे-पलीकडेही चालायचं. म्हणजे शंभरातले कामाचे आकडे वीसच, आणि दहा लाखांचे उरले आठ हजार. हा भाग सांगताना माझा आवाज चढतो, कारण टॉलरन्सवरच, म्हणजे मापात किती फरक चालेल यावरच, माझं घर चालतं. आमच्याकडे असा जॉब आला असता तर तपासणीच्या टेबलावरूनच परत गेला असता. पण फाइनमनला दर वेळी तेवढीही मेहनत पडायची नाही. एका सहकाऱ्याचं कुलूप त्यानं 27-18-28 लावून उघडलं. गणितात 'ई' नावाचा स्थिरांक आहे, 2.71828, त्याचे ते आकडे. गणितवाला गणिताचे आकडे ठेवणार, नाशिककर 0253 ठेवणार.

सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिथे आत काय होतं?"

"अणुबॉम्बचे कागद."

"आपल्या गच्चीवर काय आहे?"

"पाण्याची टाकी."

"मग 0253."

नंबर बदलायचा म्हणजे पट्ट्यांची अदलाबदल करायची. पूर्ण वेळ कुणीतरी 'सी' दाबून धरावं लागतं, नाहीतर पट्ट्या बसताना अडतात. मुलीनं अंगठ्यानं 'सी' धरला, मी बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं लाल-निळ्या पट्ट्या फिरवल्या. तेवढ्यात मुलीला शिंक आली. एक स्प्रिंग उडाली ती लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर सापडली. सापडली हेच नशीब, कारण या मापाची स्प्रिंग पूर्ण मेन रोड पालथा घातला तरी मिळायची नाही.

आणि एप्रिलात काकूंच्या कुरडया निघाल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुरडईचा गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, त्याचा चीक काढतात, तो शिजवतात आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालतात. गरम चीक हाताला लागला की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. काकू पहाटे पहिलं पातेलं घेऊन वर गेल्या तेव्हा नव्या नंबरानं गेल्या. दुसरं पातेलं आणताना चिकानं भरलेल्या बोटांनी सवयीचा रस्ता धरला, 9147. दार उघडेना. चूक लक्षात आली, 'सी' दाबलं, 9, 1 आणि 4 बाहेर आली. 7 अर्ध्यात चिकटून राहिला, पण तो कोण बघतो? नातीनं आतून दार उघडलं, गच्चीच्या बाजूनं नुसती मूठ फिरवली की उघडतं. कुरडया घालून झाल्या, सगळ्या खाली आल्या, दार आपोआप बंद झालं. चीक दिवसभर उन्हात वाळला. कुरडयांवरचा वाळला तसाच सातावरचाही.

चारच्या सुमाराला त्र्यंबकच्या बाजूनं आभाळ भरून आलं. अवकाळी! नाशकात या शब्दानं द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, पण त्या दिवशी काकूंचा चेहरा कुठल्याही बागायतदारापेक्षा कमी नव्हता. काकू 0253 दाबत होत्या, भाऊ 2035, आजोबा 5302; क्रमाचं माझं व्याख्यान अखेर पोचलं होतं. मूठ हलेना. मी जाऊन वाकून बघितलं. सातची खाच निळ्या पट्टीची. बाकी नऊ जणांनी कितीही शिस्त पाळली तरी हा एकटा मध्येच तोंड घालून बसला होता.

सेक्रेटरी गंज काढायचा स्प्रे घेऊन धावत आले आणि त्यांनी बटणांवर सपासप मारला. सात ढिम्म. चेअरमननी हातोडी मागितली. मी पट्टी खोलायला स्क्रू ड्रायव्हर आणायला वळलो, तर काकूंनी सगळ्यांना बाजूला केलं. "तेल कसलं ओतताय त्यावर? चीक आहे तो. कोमट पाण्यानं सुटतो. कधी पातेलं घासलंय का कुणी?" नातीनं कपात पाणी आणलं. काकूंनी फडक्याचं टोक भिजवून सातावर धरलं, मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली आणि बटणाच्या कडेनं अलगद फिरवली. चिकाची एक पांढरी वेटोळी निघून आली. टक्. सात बाहेर. काकूंनीच नंबर दाबला, कुठल्या क्रमानं ते मला दिसलं नाही.

आम्ही सगळे वर धावलो आणि प्लास्टिकचे कागद चार कोपऱ्यांना धरून कुरडयांसकट उचलले. पाऊस चार टपोरे थेंब टाकून पाथर्डी फाट्याकडे निघून गेला. पण परत पसरायची कुणाची तयारी नव्हती, आणि गच्चीला सगळ्यात जवळचं घर आमचं. त्यामुळे कुरडया सध्या आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली आहेत, सोफ्यावर, दिवाणावर आणि टीव्हीच्या कपाटावर. त्या उलटायला काकूंना येऊनजाऊन राहावं लागतं, म्हणून आमच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते. कारखान्यातून आलो की मी बेल वाजवतो.