राजवाड्यात पाहुणे उतरतात, यात कमीपणा कसला?

"राजवाड्याचा हॉटेल केल्यानी मगे. आता काय रवला?"

गेल्या महिन्यात वाडीच्या, म्हणजे सावंतवाडीच्या, एसटी स्टँडवर शेजारी बसलेले एक आजोबा असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हळहळ होती. मी गप्प बसले, पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज सविस्तर लिहिते.

सावंतवाडीबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मोती तलावाच्या काठी, नारळी-पोफळीत अर्धा दडलेला तांबड्या चिऱ्याचा राजवाडा आहे. तो बांधला तिसऱ्या खेम सावंतांनी, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात ज्यांची कारकीर्द झाली त्यांनी. पुढे याच घराण्यात बापूसाहेब महाराज झाले. ते १९३७ साली गेले, पण वाडीत आजही त्यांचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात. गांधीजींनी त्यांच्या कारभाराला रामराज्य म्हटलं होतं, हे आम्हाला शाळेत जाण्याआधी घरीच कळलेलं असायचं. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १९७१ साली देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. वाडा मात्र तेवढाच मोठा राहिला आणि पाऊसही तेवढाच पडत राहिला.

हा पाऊस काय करतो ते मला विचारा. आमचं घर वाडीपासून तासाभरावरच्या एका गावात. चौसोपी नव्हे, साधंच. पुढे पडवी, मधे माजघर, मागे न्हाणी. पणजोबांनी बांधलेलं. आज सातबारावर सतरा नावं आहेत. एक सही मुंबईत अडते, दुसरी बडोद्यात. कौलं परतायची कुणी, पैसे कुणी घालायचे, यावर तीन गणपती गेले. मधे एकाने चांगल्या मनाने भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. जांभा दगड पाणी पितो, त्याला चुन्याचा गिलावा लागतो, म्हणजे प्यालेलं पाणी त्याला परत सोडता येतं. सिमेंटने ते आत कोंडलं. दोन पावसांत वाशांना वाळवी लागली, कोनवासा खचला आणि एका जुलैत न्हाणीकडची भिंत बसली. मी गेले तेव्हा त्या ढिगाऱ्यात आजीच्या देवळीचा दगड होता, काजळीसकट. आजी रोज संध्याकाळी तिथे दिवा ठेवायची.

त्यामुळे 'ताईसाहेब वाडा' नावाची वास्तू दुरुस्त करून तिथे पाहुणे ठेवायला लागले हे ऐकलं, तेव्हा मला बरं वाटलं. राजवाड्याच्याच आवारातला हा भाग. लखमराजे आणि श्रद्धाराजे या घरच्याच मुला-सुनेने तो उभा केला. खोल्या मोजक्याच, आणि सजावट सावंतवाडीच्या गंजिफावरच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांवरच्या, अवतारांची. बाहेरच्या एखाद्या कंपनीला वाडा देऊन टाकता आला असता. मग दारात दरवान आला असता आणि भिंतीवर राजस्थानातले हत्ती. इथे भिंतीवर आमच्याच चितार आळीचा, म्हणजे चितारी कारागिरांच्या आळीचा, मत्स्य आहे. मला हा फरक फार मोठा वाटतो.

कारण गंजिफा हीच या वाड्याची खरी गोष्ट आहे. गोल पत्ते, दशावताराचे दहा रंग, रंगात बारा पाने, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा डाव मांडला तर राम ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णवाल्याने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पत्ते करणारे जवळजवळ संपले होते. शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी चौकशी केली, तेव्हा पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या हातात ही कला उरलेली होती. त्यांच्याकडून राजा-राणी स्वतः शिकले, मग इतरांना शिकवलं. १९७१ सालच्या सुमारास राजवाड्यातच लाखकामाचं केंद्र सुरू झालं. शिवरामराजे १९९५ साली गेले, राणीसाहेब २०१८ साली. काम थांबलं नाही.

राहायला काही मी गेले नाही, मला ते परवडण्यातलं नाही. नेहमीसारखं तिकीट काढून दरबार हॉलमध्ये गेले. तिथे एक मुलगी मत्स्याची नव्वी रंगवत होती. म्हणजे एका पत्त्यावर नऊ मासे. पेन्सिलीची खूण नाही, मोजपट्टी नाही. कुंचल्याला जेमतेम चार केस असतील. एक झोका, माशाची पाठ. दुसरा झोका, पोट. शेपटीला हात किंचित उचलायचा. नऊही मासे झाल्यावर तिने कुंचला बदलला आणि ओळीने डोळे दिले. मी अर्धा तास उभी होते. तिने एकदाच मान वर केली, "बसा ना ताई" म्हणाली आणि दहाव्या पत्त्याला लागली.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग घोटाई, मग रंग, शेवटी लाख. एवढी मेहनत असलेली वस्तू रोजच्या बाजारात कोण घेणार? पत्ते खेळायला शंभर रुपयांत प्लास्टिकचा जोड मिळतो. २०२४ साली गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण मानांकनाच्या कागदावर त्या मुलीचा पगार निघत नाही. तो निघतो खोलीत उतरलेल्या पाहुण्याने सकाळी दरबार हॉलमध्ये येऊन एक जोड विकत घेतला की. कौलं, वासे, गिलावा, माणसं, सगळं त्याच दारातून येणाऱ्या पैशावर चालणार आहे. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

माझी मागणी एकच आहे. दरबार हॉल आम्हा गाववाल्यांना असाच उघडा राहू दे. वाडीतल्या शाळेच्या पोरांना तिथे बसून डाव शिकता यावा. आणि त्या आजोबांना कुणीतरी एकदा आत घेऊन जावं.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला. म्हटलं, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढूया का, पडवी आणि माजघर अजून शाबूत आहे. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाये, आधी सतरा जणांका एकदा एकत्र आण. आणि मे म्हयन्यात ये. पावसाआधी शाकारणी करूक होयी."

तिकीट काढलंय. सतरापैकी अकरा जणांचा होकार आलाय.