खुलासा : 'ओपन टू वर्क'बद्दल मी लिहिलेलं अर्धवट होतं

आपण नवी नोकरी शोधतोय हे लिंक्डइनवर सगळ्यांना किंवा फक्त रिक्रूटर्सना (भरती करणाऱ्यांना) कळवण्याची सोय म्हणजे 'ओपन टू वर्क'. गेल्या आठवड्यात मी त्याबद्दल लिहिलं होतं, 'लिंक्डइनवर ओपन टू वर्कमध्ये फक्त रिक्रूटर्स हा पर्याय निवडा, तुमच्या कंपनीला कधीच कळणार नाही.' ते बऱ्याच ग्रुपांवर फिरतंय. त्यातलं 'कधीच' चुकीचं आहे, आणि चूक माझी.

हा पर्याय निवडला की फोटोभोवती हिरवी पट्टी येत नाही, हे खरं. तुमच्या सध्याच्या कंपनीच्या आणि तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांच्या रिक्रूटर्सना तुम्ही नोकरी शोधताय हे दिसू नये, अशी काळजीही लिंक्डइन घेतं. पण पूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, असं त्यांनी मदतीच्या पानावर स्वतःच सांगितलंय. मी ते पान पोस्ट टाकल्यावर वाचलं! शिवाय बाहेरच्या कन्सल्टन्सीला तुम्ही दिसताच. तुमच्या कंपनीची भरती तीच कन्सल्टन्सी करत असेल, तर एका फोनचा प्रश्न. माझ्या एका मैत्रिणीचा बायोडेटा असाच फिरून तिच्याच एचआरच्या टेबलावर आला.

पर्याय जरूर वापरा, पण बेफिकीर राहू नका. जुनी पोस्ट मी काढली आहे. कुणी पाठवली तर कृपया पुढे ढकलू नका, त्याऐवजी हा खुलासा द्या.