खुलासा : रेडिएशनने हात लुळा पडतो?

‘स्तनाच्या कॅन्सरला रेडिएशन घेतलं की हात लुळा पडतो’ हा मेसेज दिशाभूल करणारा आहे. मानेतून काखेमार्गे हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला इजा होऊ शकते, हे खरं. पण आजच्या नेहमीच्या मात्रेत (१५ वेळा मिळून ४० ग्रे किंवा २५ वेळा मिळून ५० ग्रे; ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) ती क्वचितच होते. झालीच तर बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी: आधी बोटांत मुंग्या, बधिरपणा, मग अशक्तपणा. ऑपरेशननंतर लगेच दंडाची आतली बाजू बधिर होते, ती बहुतेकदा काखेतल्या गाठी काढताना त्वचेची नस दुखावल्याने, रेडिएशनमुळे नव्हे. हातात नव्याने तीव्र वेदना आल्या तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा, आजार उलटल्याचीही शक्यता एमआरआयने तपासावी लागते. या भीतीने उपचार सोडू नका, मेसेज पुढे पाठवू नका.