‘पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिकचा डबा’? मॅगझिनबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पावसाळ्याच्या तोंडावर मॅगझिनबद्दल, म्हणजे रायफलीला काडतुसं पुरवणाऱ्या डब्याबद्दल, एक मजकूर फिरतो: ‘रायफलचं पॉलिमर मॅगझिन म्हणजे प्लॅस्टिकचा डबा. हलकं असतं, एवढंच. ओठ फुटतात, दमट हवेत फुगतं, भरून ठेवलं की स्प्रिंग मरते. बसायला सगळी सारखीच, तेव्हा स्वस्तातलं घ्या. परदेशातून पार्सलनेही येतं.’

आधी त्यातलं एकुलतं कौतुक तपासू. ५.५६ मिमीच्या काडतुसांचं तीस राउंडचं अ‍ॅल्युमिनियमचं रिकामं मॅगझिन साधारण ११० ग्रॅम भरतं. मॅगपुल या अमेरिकी कंपनीचं तेवढ्याच क्षमतेचं पॉलिमर मॅगझिन, पीमॅग, १४० ते १५० ग्रॅम. म्हणजे इथे पॉलिमरच जड. एके-४७ पद्धतीच्या रायफलीत उलटं: पोलादी सुमारे ३३० ग्रॅम, पॉलिमर १८० च्या आसपास. तुलना कशाशी ते सांगितल्याशिवाय ‘हलकं’ या शब्दाला वजन नाही.

ओठ म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन कडा. ‘ओठ फुटतात’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा इन्सास ही भारतीय बनावटीची रायफल असते. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची अर्धपारदर्शक वीस राउंडची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. तक्रार रास्त, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. गोठणबिंदूच्या खाली बरीच प्लॅस्टिकं ठिसूळ होतात. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२ मधलं. शिवाय पॉलिमर हे काही एका पदार्थाचं नाव नव्हे. अपारदर्शक चांगली मॅगझिनं बहुतेक काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात आणि ती आपटणं सोसतात. पारदर्शक मॅगझिनं अनेकदा पॉलिकार्बोनेटची असतात आणि त्यांना सॉल्व्हंटचं वावडं असतं. नळीतलं तांबं काढायचं अमोनियावालं द्रावण त्यांच्यावर सांडलं, तर जिथे ताण आहे तिथेच बारीक भेगा पडतात. दोष पडण्याचा नसतो, पुसण्याचा असतो. कोमट साबणपाणी वापरा, पूर्ण वाळवा, आत तेल सोडू नका. तेलात बंदुकीच्या दारूची काजळी आणि .२२ बोअरच्या गोळीवरचं मेण साचून फॉलोअर (स्प्रिंगवरचा, काडतुसं वर ढकलणारा भाग) अडखळतो. ओठांच्या मागच्या कोपऱ्यांवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला की तिथे भेग आहे, ते मॅगझिन बाद.

दमट हवेत फुगतं, हे खरं आहे. नायलॉन पाणी शोषतं. पण काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मॅगझिनच्या २२ मिमी रुंदीत त्यामुळे पडणारा फरक सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो आणि ओलावा घेतलेलं नायलॉन जास्त चिवट होतं. घट्ट मॅगवेलमध्ये (रायफलीतल्या मॅगझिनच्या खोबणीत) मात्र तेवढ्याने मॅगझिन आपोआप खाली पडायचं थांबू शकतं. म्हणून बसतं की नाही ही परीक्षा जुलैत घ्यावी, डिसेंबरात नव्हे. आणि वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात पोलादी मॅगझिनचं काय होतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय. स्प्रिंग दोन्हींत पोलादीच असते, ती गंजते. पॉलिमर घेतलं म्हणून तिच्याकडे काणाडोळा नको.

‘सगळी सारखीच बसतात’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. एम१६ धर्तीच्या मॅगझिनसाठी नाटोचा स्टॅनॅग ४१७९ हा प्रमाणीकरणाचा मसुदा होता, तो कधी मंजूरच झाला नाही. २००७ मध्ये आलेलं सुरुवातीचं पीमॅग जर्मन एचके४१६ आणि ब्रिटिश एसए८० या रायफलींमध्ये नीट बसत नव्हतं. पीमॅगच्या एम३ पिढीत आकार बदलावा लागला. .२२ मध्ये तर आणखी नाजूक काम. काडतुसाच्या रिमचा (बुडाशी बाहेर आलेल्या कडेचा) व्यास सुमारे ७ मिमी, कवचाचा ५.७. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे गेली की दोन्ही अडकतात, म्हणून आतली वक्रता रायफलीला आणि काडतुसाला जुळलेलीच हवी. सीझेड कंपनीच्या ४५२ रायफलीची मॅगझिनं तिच्याच ४५५ आणि ४५७ मध्ये चालतात. त्यावरून दुसऱ्या कंपनीचंही चालेल असं समजू नका.

तपासणी रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं पाहून आणि डमी काडतुसांनीच करा. मॅगझिन पूर्ण भरा, बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा भाग) बंद ठेवून आत ढकला आणि खाली ओढा. कॅच (मॅगझिन धरणारी खिट्टी) सुटत असेल, तर खाच झिजली आहे किंवा आतली काडतुसं पुरेशी दबत नाहीत. एक काढून पुन्हा पाहा. मग एक, अर्धं आणि पूर्ण भरून हाताने बोल्ट चालवा. काडतुसाचं नाक चेंबरकडच्या उतारावर खाली आपटलं तर मॅगझिन खाली बसतंय किंवा ओठ आवळलेले आहेत. काडतूस वेळेआधी सुटून नाक वर उसळलं तर ओठ फाकलेत. बोल्ट रिमवरून रिकामाच सरकला, तर मॅगझिन खाली आहे किंवा स्प्रिंग मंद. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाका, अडथळा त्या आकड्यापुढे लिहा. नाहीतर दोष एका मॅगझिनचा आणि शिव्या रायफलीला.

स्प्रिंग भरून ठेवल्याने मरत नाही. वारंवार दबून-सुटून, गंजून किंवा क्षमतेपेक्षा जास्त कोंबल्याने मरते. भरून ठेवल्याचा खरा त्रास पॉलिमरच्या ओठांना होतो, ते सततच्या दाबाने हळूहळू फाकतात. पीमॅगचं झाकण हा दाब काढण्यासाठीच आहे, धूळ अडवणं हे त्याचं दुसरं काम. नवं असतानाच व्हर्नियरने ओठांमधलं अंतर पुढे-मागे मोजून तळपट्टीच्या आत लिहा आणि दर सहा महिन्यांनी पडताळा. घरी तर ते रिकामंच ठेवायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात.

स्वस्ताचं गणितही फॉलोअर न वाकणारा आहे का, तळपट्टी उघडते का, स्प्रिंग सुटी मिळते का, यावर करा. रूगरच्या १०/२२ चं दहा राउंडचं फिरतं मॅगझिन पॉलिमरचंच आहे, पण काडतूस जिथून सुटतं ते ओठ धातूचे. पैसे कुठे घालायचे, हे त्या कंपनीने १९६४ मध्येच ओळखलं होतं.

उरलं पार्सल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे भागही येतात आणि आयातीवर त्याच्या कलम १० चं बंधन आहे. सुटं मॅगझिन ‘नुसता डबा’ म्हणून कुरिअरने मागवणाऱ्याला कस्टम्सच्या टेबलावर हे फॉरवर्ड दाखवून काही उपयोग होणार नाही. परवानाधारक डीलरकडे जा, परवाना आणि रायफलीचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन.