आमचा वेळ, परस्पर विकलेला

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, पाय ठणकत आहेत आणि खरे तर आता आडवे व्हायला हवे. पण आज दुपारपासून जे डोक्यात घोळते आहे ते लिहून काढल्याशिवाय डोळ्याला डोळा लागणार नाही, म्हणून बसलो आहे. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावे, निदान इथे तरी त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आज आमच्या नातीला, सईला, घेऊन पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या एका थीम पार्कमध्ये गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण जादा पैसे घेऊन रांगेच्या पुढे सोडण्याचा हा प्रकार आता एका पार्कपुरता राहिलेला नाही. सई नऊ वर्षांची आहे आणि परीक्षा संपल्यापासून तिने एकाच पाळण्याचा ध्यास घेतला होता. मुलगी, जावई, सई आणि मी असे सकाळी साडेसहाला सहकारनगरातून निघालो, पार्क उघडण्याआधी दारात पोहोचलो आणि उघडल्याबरोबर त्या पाळण्याच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. तिथे फलक होता, ‘या ठिकाणापासून 45 मिनिटे’. आम्हांला 1 तास 50 मिनिटे लागली.

रांगेचे मला काही वाटत नाही. आमच्या मागे साताऱ्याचे एक कुटुंब होते, आई-वडील आणि सईच्याच वयाची, पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी. त्या माउलीने डब्यातून राजगिऱ्याचे लाडू काढून आम्हांला दिले, आम्ही त्यांना खारे शेंगदाणे दिले, आणि पाच मिनिटांत दोन्ही मुलींची अशी गट्टी जमली की जणू त्या एकाच वर्गात बसत असाव्यात. प्राण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. सईने ‘राजहंस’ म्हटले, त्या मुलीने ‘सिंह’ म्हटले, सईने क्षणाचाही विलंब न लावता ‘हरीण’ म्हटले आणि ‘ण’ आला! आता ‘ण’वरून प्राणी आणायचा कुठून? ती मुलगी म्हणे, असा प्राणीच नसतो. सई म्हणे, नियम म्हणजे नियम. एवढ्यात त्या मुलीचे वडील, जे काही वेळापूर्वी ‘जरा बघून येतो’ म्हणून गेले होते, ते हातात एक्स्प्रेस पासाचे तीन चकचकीत पट्टे घेऊन परत आले. त्यांनी मुलीच्या मनगटावर पट्टा बांधला, आमच्याकडे न बघताच ‘चला, चला’ म्हटले आणि कठड्याखालून वाकून तिघेही रांगेबाहेर पडले. ‘ण’ तसाच राहिला.

दहाएक मिनिटांनी ती मुलगी कठड्याच्या पलीकडच्या मोकळ्या वाटेने आमच्या बाजूने पळत पुढे गेली. सईने हात हलवला. तिनेही अर्धा हात वर केला होता, पण तेवढ्यात आईने तिला पुढे ओढले.

पुढे जिथे त्यांची वाट आणि आमची रांग एक होते, तिथे एक मुलगा दोरी धरून उभा होता. एका फेरीत वीस माणसे बसत होती. मी एकतीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढलेला माणूस आहे, मोजण्याची सवय हाताला आहे तशी डोळ्यालाही आहे. वीसांपैकी चौदा त्यांच्याकडची आणि सहा आमच्याकडची, असा हिशेब होता. एका फेरीला तर आमच्याकडचे तिघेच. आमचा नंबर अगदी पहिला असताना सईच्या नाकासमोर दोरी आडवी आली आणि मागाहून आलेले आठ तरुण गप्पा मारत आत गेले. मी त्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, एक्स्प्रेसवाल्यांना आधी सोडावं लागतं, वरून ऑर्डर आहे.’ तो जेमतेम विशीतला, उन्हात उभा राहून आवाज बसलेला. त्याच्यावर मी आवाज चढवला, त्याची आता लाज वाटते आहे. ज्यांनी ती ऑर्डर दिली ते कुठे तरी एसीमध्ये बसले असतील.

आता जे मला म्हणायचे आहे ते नीट म्हणतो. बालगंधर्वला पुढच्या रांगेचे तिकीट महाग असते आणि बाल्कनीचे स्वस्त, याबद्दल मी जन्मात कधी तक्रार केलेली नाही. पुढच्या खुर्चीवर बसलेल्याला नटाचा चेहरा जवळून दिसतो, त्याचे तो पैसे मोजतो. पण त्याने जादा पैसे दिले म्हणून बाल्कनीतल्या माणसासाठी नाटक उशिरा सुरू होत नाही. रेल्वेच्या एसी डब्याचेही तेच, गाडी सगळ्यांना घेऊन एकाच वेळी पुण्याला पोहोचते. पाळण्याचे तसे नाही. तासाला जितक्या फेऱ्या होतात तितक्याच होतात आणि पट्टा विकला म्हणून एकही खुर्ची वाढत नाही. पट्टेवाल्याची वाचलेली चाळीस मिनिटे आकाशातून पडत नाहीत, ती कठड्याच्या अलीकडे उभ्या असलेल्यांकडून पाच-पाच, दहा-दहा मिनिटे करून काढून घेतलेली असतात. म्हणजे विकला जातो तो आमचा वेळ. तो आमच्या देखत, आम्हांला न विचारता, परस्पर विकला जातो आणि त्याचे पैसे तिसऱ्याच्याच गल्ल्यात जातात! बँकेत एखाद्याने दुसऱ्याच्या खात्यातून असे पैसे परस्पर उचलून दिले असते तर त्याची चौकशी लागली असती.

याहून संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. रांग जितकी लांब, तितके पट्टे अधिक खपणार. मग रांग लहान व्हावी असे त्या धंद्यात कोणाला वाटेल? आम्ही उभे होतो तिथे दर वीस पावलांवर एक पाटी होती, ‘थांबायचा कंटाळा आला?’ आणि खाली बाण, पट्टे विकण्याच्या खिडकीकडे. कंटाळा तुम्हीच आणायचा, औषधही तुम्हीच विकायचे, आणि एका पट्ट्याचे पैसे किती, तर प्रवेशाच्या तिकिटाइतकेच पुन्हा.

माझा भाचा फ्लोरिडात ऑर्लँडोला असतो. डिस्नेची पार्क त्याच्या घरापासून जवळ असल्याने भारतातून गेलेल्या प्रत्येक नातेवाइकाला तो ती दाखवून आणतो, त्यामुळे तिथला इतिहास त्याला तोंडपाठ आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड 1955 साली सुरू झाले. तिथे पूर्वी कूपनांची पुस्तके मिळत, साध्या पाळण्याला ‘ए’चे कूपन आणि सर्वांत भारी पाळण्याला ‘ई’चे. 1982 मध्ये ती पद्धत बंद होऊन एकच तिकीट झाले. कूपनांच्या काळातही पैसेवाला माणूस जास्त कूपने घेऊन जास्त पाळण्यांत बसू शकत असे, पण प्रत्येक पाळण्याशी त्याला सगळ्यांच्याच रांगेत उभे राहावे लागे. मग 1999 मध्ये ‘फास्टपास’ आला. यंत्रात तिकीट घालायचे, तासा-दीड तासानंतरची एखादी वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचे, तोवर हिंडा, खा, बसा. ही चिठ्ठी प्रत्येकाला फुकट होती. बँकेत आम्ही पितळी टोकन देत असू, तीच कल्पना. माणूस बाकावर टेकतो आणि त्याच्या जागी टोकन रांगेत उभे राहते. इतकी चांगली गोष्ट केली होती त्या लोकांनी! कोविडमध्ये ती बंद पडली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये फ्लोरिडात तीच सोय परत आली ती दिवसाला माणशी 15 डॉलर लावून. 2024 मध्ये त्याहून वरचा पास निघाला. एका पार्कचा, एका दिवसाचा, एका माणसाचा त्याचा दर गर्दीच्या दिवसांत 449 डॉलरपर्यंत गेला, आणि प्रवेशाचे तिकीट त्यात धरलेले नाही. जे टोकन प्रत्येकाला मिळत होते ते काढून घेतले आणि तेच विकायला ठेवले. आपल्याकडच्या पार्कवाल्यांनी तिकडून काय उचलले म्हणाल, तर एवढेच.

परतताना जावई गाडी चालवता चालवता म्हणाले की, बाबा, या जादा पैशांमुळेच साधे तिकीट आटोक्यात राहत असेल. असेलही. वर्षातून एकच सुट्टी मिळणाऱ्याने काय करावे, असेही ते म्हणाले; तेही मला कळते. ज्यांना उभे राहवत नाही अशा वृद्धांना, अपंगांना, गर्भार बायकांना आधी सोडलेच पाहिजे, मात्र त्यासाठी त्यांच्याकडून पैसे कशाला घ्यायचे? आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांची वर्षातली ती एकच सुट्टी नव्हती, हे कोणी ठरवले?

इथवर लिहून थांबलो होतो. चहा करून घेतला. फार सोवळेपणाने लिहिले आहे असे वाचताना वाटले, म्हणून माझेही सांगून टाकतो. संगणक येण्यापूर्वीच्या काळात एक तारखेला आमच्या शाखेत पेन्शनर मंडळींची रांग दारापर्यंत जात असे. त्याच वेळी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये कोणी तरी ‘आपला माणूस’ चहा पीत बसलेला असे, शिपाई त्याचे पासबुक थेट माझ्या काउंटरवर आणून ठेवी आणि मी ते सर्वांत वर घेत असे. समोर टोकन मुठीत धरून उभ्या असलेल्या आजीबाईंना ते दिसत असे. त्या काही बोलत नसत. मीही मान वर करत नसे. दोन वर्षांपूर्वी तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष दर्शनाचे तिकीट काढून मी स्वतः धर्मरांगेच्या पुढे गेलो आहे, आणि तेव्हा मला काडीचाही त्रास झाला नव्हता. तर हे असे आहे. फरक असलाच तर इतकाच की केबिनमधला माणूस आपण चोरून काही करतो आहोत हे जाणून असे, आणि पट्टा मात्र मनगटावर मिरवता येतो.

साताऱ्याच्या त्या गृहस्थांवरही मघाशी मनातून फार चिडलो होतो. पण वीस पावलांवर एक अशा त्या पाट्या वाचत, उन्हात, लेकीचा उतरत चाललेला चेहरा बघत माणूस किती वेळ तग धरणार? लाडू आणणाऱ्या घरातला माणूस होता तो. तीन पट्ट्यांचे पैसे काही सहज निघाले नसणार. जावयांनी दोनदा विचारले होते, ‘बाबा, आपणही घेऊन टाकू या का?’ आणि दोन्ही वेळा मीच नको म्हटले. त्या बाण्यापायी सईचे दोन पाळणे राहिले. ती रडली नाही, तिने नुसते विचारले की परत कधी यायचे. तत्त्व माझे होते आणि पाळणे तिचे गेले, हे मला कबूल केले पाहिजे.

तरीही आपल्याला रांग कळत नाही असे कोणी म्हणू नये. पंढरपूरच्या दर्शनबारीत माणसे तासन्‌तास उभी राहतात, आणि आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या बरोबर शासकीय महापूजेला बसतात ते त्याच बारीत उभे असलेले एक वारकरी जोडपे. तिथेही वशिल्याची दर्शने होतात, मला माहीत आहे; पण मान ठेवला आहे तो बारीत उभ्या राहणाऱ्याला. मुलांच्या बाबतीत तर आपण पुणेकरांनी 1956 सालापासून पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी पाहिली आहे. सईच्या आईला मी तिथे कितीदा नेले असेन. गाडी फेरी मारून परत येईपर्यंत सगळी पोरे जाळीला नाक लावून उभी असत, मोटारीतून आलेली आणि पीएमटीच्या बसने आलेली, आणि कोण कोणाच्या नंतर आहे हे त्या पोरांनाच पाठ असे. मध्ये घुसणाऱ्या मुलाला दुसरी मुले हाताला धरून मागे आणत. आजच्या त्या पार्कमध्ये सईच्या पुढून आठ जण गेले तेव्हा तिने त्यांना अडवायला हात पुढे केला होता. मीच तो खाली घेतला आणि सांगितले, ‘राहू दे, त्यांनी पैसे दिलेत.’ दिवसभरात मी उच्चारलेले सर्वांत वाईट वाक्य ते असेल.

घाटात सई झोपली असे आम्हांला वाटले होते. टोलनाका मागे पडला तशी ती मागच्या सीटवरून म्हणाली, ‘आजोबा, ण आला की न घेतला तर चालतो ना?’

मी म्हटले, ‘चालतो की. सगळे तसंच खेळतात.’

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. ‘मग मी तिला तसं सांगायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘ती नाग म्हणाली असती.’