पुस्तक वाचलेला नवरा

पुस्तक वाचलेल्या माणसाला सिनेमाला नेऊ नये, असा आमच्या घरी ठराव झाला आहे. मी आंघोळीला गेलो असताना, एकमताने.

त्याचं मूळ २०१३च्या डिसेंबरात आहे. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ हे १९३७ सालचं, मुलांसाठी लिहिलेलं एकच पुस्तक. ठाणे-सीएसटी लोकलमध्ये एका पायावर उभं राहून मी ते आठवड्याभरात संपवलं होतं. सिनेमावाल्यांनी त्याचे तीन भाग केले, मिळून जवळजवळ आठ तासांचे. एवढं पाणी आमच्या नौपाड्याच्या चाळीत अचानक पाहुणे टपकल्यावर आमटीतही कोणी घालत नसे.

आणि पुस्तक सुरू होतं तेच मुळी पाहुणे टपकण्यानं! बिचाऱ्या बिल्बोच्या, म्हणजे नायकाच्या, घरी तेरा बुटके येऊन फडताळ साफ करतात. त्यांना धाडणारा जादूगार गँडाल्फ माझ्या डोक्यात हुबेहूब चाळीतल्या अप्पांसारखा होता. उंच, दाढीवाला, लोकांना कामाला लावून ऐन वेळी गायब होणारा. ड्रॅगनचा डोंगर म्हणजे ठाण्याजवळचं येऊर. खर्च शून्य.

मुलाला दुसरा भाग बघायचा होता. तिकिटं काढतानाच बायकोनं अट घातली, तोंड उघडायचं ते पॉपकॉर्नपुरतंच. मी पाळलीही. पण पडद्यावर टॉरिएल नावाची लाल केसांची धनुर्धारी आली, आणि चक्क एका बुटक्याच्या प्रेमात पडायला लागली.

“ही बाई पुस्तकात नाहीच आहे!”

“मी तरी कुठे आहे हो तुमच्या पुस्तकांत? बसा गप्प.”

लेगोलास नावाचा आणखी एक धनुर्धारी आला तेव्हा मी पुन्हा कळवळलो, कारण तोही ‘हॉबिट’मध्ये नाही. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून म्हणाला, “काका, सबटायटल आहेत खाली.” मग मी पॉपकॉर्न खाल्ले. ज्या किमतीला ते घेतले होते त्यात दोन पुस्तकं आली असती.

खरं दुखणं वेगळंच. घरी येऊन पुस्तक उघडलं की अप्पा येत नाहीत, सिनेमातले गँडाल्फ इयान मॅकेलन येतात. माणूस थोर, अभिनय त्याहून थोर, पण पागडीच्या भाडेकरूसारखे आत शिरलेत ते हलायचं नाव नाही. अप्पांचा चेहरा मला आता नीट आठवतही नाही.

असो. त्या रात्री सिनेमा संपला तोच मुळी ऐन मोक्यावर. ड्रॅगन गाव जाळायला झेपावला आणि पडदा काळा. पुढचा भाग २०१४च्या डिसेंबरात! घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या सिग्नलला आम्ही अडकलो आणि मागच्या सीटवरून प्रश्न आला, “बाबा, पुढे काय होतं?”

“मला गप्प बसायला सांगितलंय.”

पाच मिनिटं शांतता. मग बायको, खिडकीबाहेर बघत, “मुलगा विचारतोय एवढा, तर सांगा की.”

मी घसा खाकरला. तळ्यातलं गाव, पेटलेली छपरं, बार्ड नावाचा तिरंदाज, भात्यात उरलेला एकच काळा बाण. त्यानं प्रत्यंचा कानापर्यंत ओढली आणि सिग्नल हिरवा झाला. मागून रिक्षावाले, टेम्पोवाले, सगळे भोंगे वाजवायला लागले. मी घाईनं गिअर टाकला.

बायकोनं माझा हात धरला. “गाडी राहू दे हो. बाण लागला का?”